अर्धा ताणा

देवीशी माझं भांडण होतं आणि ते मी जाहीर केलं होतं. नवरात्र तोंडावर आलं तेव्हा देवळासमोर उभा राहून, चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "यंदा तू पॉलिस्टर नेस! माझी बायको नेताना तुले लाज वाटली नाही, मंग मले कायले वाटावी?" पुजारी हसला. वाक्य मलाही आवडलं होतं. घरी येऊन मात्र जेवण गेलं नाही.

आंधळगावात आमच्या घरी कोशाच्या रेशमाचा माग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. दर नवरात्रात देवीचं लुगडं त्याच मागावरचं. विणायचो मी, पण त्याआधीचं किचकट काम बायकोचं. नवा ताणा, म्हणजे उभे धागे, चढवताना जुन्याची टोकं मागाच्या फणीत तशीच ठेवतात आणि बोटांना राख लावून नव्याचा एकेक धागा त्यांना पिळून जोडतात. असे हजारो धागे. उन्हाळ्यात ती काविळीने गेली. तिने जोडलेल्या शेवटच्या ताण्याची वीतभर टोकं मागावर लोंबत राहिली. मी त्यांना कोणाला हात लावू दिला नाही. जवाहरनगरला नोकरीला असलेला मुलगा म्हणाला, "बाबा, दसऱ्याले माग काढून टाकू. कोणासाठी ठेवून राहिले?" मी हो म्हणालो.

घटस्थापनेच्या आदल्या दुपारी तुमसरकडे जाणारी काळीपिवळी जीप आमच्या दाराशी पंक्चर झाली आणि चाक दुरुस्तीला न्यावं लागलं. त्यातली एक म्हातारी पाणी प्यायला आत आली आणि माग पाहून थबकली.

"काहून बंद आहे जी?"

"जोडणारी गेली."

"आन् तुमचे हात?"

तिने राख मागितली. गॅसच्या घरात राख कुठली? देवघरात बायकोच्या वेळची उदबत्तीची राख तेवढी पडून होती. ती बोटांना लावून म्हातारी मागाशी बसली, मला समोर बसवलं. उन्हाळ्यापासून गुंडाळून पडलेल्या नव्या ताण्यातला धागा मी वेगळा करून द्यायचा, तिने जुन्या टोकाला जोडायचा. मनात मी देवीला म्हणत होतो, आलीस ना शेवटी? हरलीस! दिवेलागणीला बाहेर हॉर्न वाजला. म्हातारी उठली. निम्मे धागे तसेच.

"अवं माय, अर्ध्यावर कुठं चालल्या?"

"गाडी माह्यासाठी थांबन का? बाकीचे तुमी करा."

"मले येत नाही!"

"तं मंग इतका वेळ काय पाहून राहिले होते?"

गेली. मी जोडलेले धागे ओढताच सुटायचे. पुन्हा जोडायचे, पुन्हा सुटायचे. मी देवीला शिव्या दिल्या, म्हातारीला दिल्या. बायकोची मान कायम का दुखायची, ते माझ्या मानेला कळलं. नवरात्र सरत आलं तेव्हा जोडणी संपली. नवा ताणा पुढे ओढला, तशी बायकोची ती टोकं समोर आली. ती कापल्याशिवाय विणणं सुरू होत नाही. कापली. त्यापेक्षा कडू काम मी आयुष्यात केलेलं नाही.

दसऱ्याला मुलगा माग काढायला आला.

"बाबा, हे कोणं जोडलं?"

"अर्धं देवीनं."

"आन् बाकीचं?"

"जे तुटून राहिलं, ते माझं."

त्याने पाना परत पिशवीत टाकला.

नवरात्र हुकलं; लुगडं विणून कोजागिरीला नेसवलं. देवळात बोलायचं भाषण माझ्याकडे तयार होतं. पण देवीच्या अंगावर ते पाहिलं आणि विसरलो. माझ्या जोडणीच्या बाजूला तुटल्या धाग्यांच्या रेषा उघड दिसत होत्या. तिने मुकाट्याने नेसलं होतं. ती म्हातारी कोण, हे मी शोधलं नाही. तिने सगळं जोडून दिलं असतं, तर मी पुन्हा रिकामा बसलो असतो, एवढं कळतं. बायको काही परत मिळाली नाही, ती तक्रार कायम आहे. फक्त आता रोज उदबत्ती लावून करतो. पुढच्या ताण्याला राख लागते.