ट्वाइलाची जागा

खोटं बोलण्यात डेल्मस स्टूक्सबरीचा हात धरणारा माणूस स्लेट क्रीकच्या धरणावर दुसरा झाला नाही. एरवी माणूस सोन्यासारखा. चर्चमध्ये पहिल्या बाकावर, कुणाचा ट्रक चिखलात रुतला तर साखळी घेऊन हजर, उसनं नेलेलं हत्यार पुसून परत करणारा. पण बास मासा कुठे लागला एवढं विचारलंत की संपलं! मासा उत्तरेला लागला असेल तर हा दक्षिणेकडे बोट दाखवणार, आणि तेही इतक्या भोळ्या चेहऱ्यानं की विचारणाऱ्यालाच लाज वाटावी. एकदा तर त्यानं पाद्रीबाबांनाच एका कोरड्या ओढ्यात धाडलं होतं. पुढच्या रविवारी पाद्रीबाबा खोटेपणावर तासभर बोलले, आणि हा पहिल्या बाकावर बसून मान डोलवत होता.

पण त्याला एकट्याला कशाला नावं ठेवायची? टेनेसीच्या त्या डोंगरात सगळेच तसले. बायकोचं वय सांगतील, पगार सांगतील, मूळव्याध झाली तर तीही सांगतील. मासे धरायची जागा सांगणार नाहीत. वर्षानुवर्षं रात्री जागून एखादी जागा सापडते. ती तोंडातून निसटली की पुढच्या आठवड्यात तिथे दहा बोटी.

डेल्मस माशांसाठी शिशाची आमिषं ओतायचा. मोज्यांची गिरणी बंद पडल्यापासून घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिसं वितळवून हाच उद्योग. तोही सगळा रात्रीचा माल, कारण उन्हाळ्यात दिवसा त्या पाण्यावर जाण्यात काही अर्थ नसतो. पाणी तापलेलं, वर पोरांच्या बोटींचा धिंगाणा. जाणकार माणूस अंधार पडल्यावर निघतो, आणि काळं आमिष बांधतो. नवखे हसतात, अंधारात काळं कसं दिसणार म्हणून. अहो, मासा खालून वर बघतो. आभाळ कितीही काळोखं असलं तरी पाण्यापेक्षा उजळच, आणि त्यावर काळंच उठून दिसतं. शिशाचं डोकं, रबराची काळी झालर, वर तारेला एकच मोठं गोल पातं. ते पातं पाण्यात धप् धप् फिरतं आणि माशाला ते अंगानं कळतं. माणसानंही डोळ्यांवर विसंबायचं नाही. दोरा बोटावर घ्यायचा, रीळ सावकाश फिरवायचं, आणि पात्याची धपधप थांबली रे थांबली की झटका द्यायचा. डेल्मस म्हणायचा, "धप लागली की मारू नका. धप थांबली की मारा. एवढं ज्याला कळत नाही त्यानं घरी झोपावं."

हे सगळं ज्याला कळलं असं एकच माणूस त्याच्या पाहण्यात होतं, ती त्याची लेक ट्वाइला. आई गेली तेव्हा नऊ वर्षांची होती. रात्री घरी एकटी कशी ठेवायची, म्हणून बाप तिला बोटीत घेऊन जायचा. आता छत्तीसची झाली होती. शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती, आणि गुरुवारी रात्री आपली बोट काढून एकटी जायची. बापापेक्षा मोठे मासे आणायची. सोमवारी कॉफीच्या डब्यात आठवड्याची झिजलेली आमिषं आणून शेडमध्ये ठेवायची, तो त्यांना नवा रंग द्यायचा. कुठे गेली होतीस, हे त्यानं कधी विचारलं नाही. बापानंही विचारायचं नाही, हा नियम त्याचाच. उलट त्याला भारी अभिमान होता. "माझी पोरगी मलासुद्धा सांगत नाही," असं दुकानात छाती फुगवून सांगायचा. मूर्ख म्हातारा!

ऑगस्टातल्या एका शुक्रवारी सकाळी सहाला तिचा नवरा गॅरेट रातपाळीहून घरी आला तेव्हा बिछाना तसाच होता. फोन लागेना. धक्क्यावर तिचा ट्रक उभा, मागचा ट्रेलर रिकामा. रात्री दोनला परत येणारी बाई, आणि आता तर उजाडलेलं.

सातला डेल्मस धक्क्यावर पोचला तेव्हा शेरीफच्या खात्याची बोट पाइन कोव्हकडे निघत होती. पाइन कोव्ह म्हणजे तिथून पश्चिमेला सहा मैल.

"साहेब, थांबा! तिकडे कशाला?"

"ती पाइन कोव्हला जाते असं तिच्या नवऱ्यानं सांगितलंय, मिस्टर डेल्मस," अधिकारी म्हणाला. तरुण होता, नम्र होता.

"पाइन कोव्ह म्हणाली ना? मग साऱ्या धरणात तेवढी एकच जागा अशी आहे की जिथे ती नाही."

"स्वतःच्या नवऱ्याशी खोटं बोलेल?"

"नवऱ्याशी तर आधी! नवरे चहाकॉफीला बसले की बडबडतात."

गॅरेटचे डोळे रडून लाल झाले होते. "म्हणजे इतकी वर्षं ती मला..."

"मलाही तेच, बाबा. मीच शिकवलंय तिला."

"बरं, मग कुठे शोधायचं?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"मला माहीत नाही," डेल्मस म्हणाला.

धक्क्यावर आठ-दहा मासेमार जमले होते. सगळे त्याच्याकडे बघत राहिले. त्यांच्यात हॉइट नॅपर होता, त्याचा चाळीस वर्षांपासूनचा वैरी. प्रत्येक स्पर्धेत एकाचा पहिला नंबर तर दुसऱ्याचा दुसरा. हॉइट पुढे आला आणि हळू आवाजात म्हणाला, "डेल्मस, लेका, आता तरी खरं बोल. पोरगी आहे तुझी."

"खरंच माहीत नाही रे!"

"जागा जाईल म्हणून घाबरतोस? आईशपथ, आम्ही कुणी तिथे गळ टाकणार नाही."

"हॉइट, देवाशपथ सांगतो, मला माहीत नाही!"

एकाचाही विश्वास बसला नाही. कसा बसेल? चाळीस वर्षं हाच माणूस हाच चेहरा करून सांगत आला होता. अधिकाऱ्यानं मान हलवली आणि बोट पाइन कोव्हकडे गेली. ज्या दिवशी खरं बोलला त्या दिवशी खोटा ठरला. डेल्मस तिथेच ट्रकच्या चाकाला टेकून बसला आणि लहान मुलासारखा रडला.

मग उठला आणि घरी पळाला. शेडमध्ये सोमवारचा डबा होता, अजून रंग न दिलेला. त्यानं तो टेबलावर उपडा केला. सात आमिषं. घाईत एक गळ अंगठ्यात घुसला. त्यानं तो तसाच उपटला.

सगळी जड होती, पाऊण औंसाची. म्हणजे खोल पाणी. गळांची टोकं सरळ, कुठे लाकडाचं कुसळ नाही, म्हणजे तळाला झाडं-झुडपं नाहीत. झालरीत शेवाळाचा धागाही नाही. मग त्यानं एक डोकं उलटं करून खिडकीशी धरलं. खालचा काळा रंग घासून गेला होता आणि शिशाच्या चऱ्यांत पांढरी भुकटी बसली होती. त्यानं नखानं खरवडली, जिभेवर ठेवली. चुना!

त्या धरणात जिकडेतिकडे काळा पाटीचा दगड. चुनखडी फक्त एका ठिकाणी. पार पूर्वेच्या टोकाला जुनी खाण होती, धरण भरलं तेव्हा बुडाली. आता तिथे उभा कडा आहे आणि कड्याला पाण्याखाली पायऱ्या. आमिष एका पायरीवरून दुसरीवर टाकत खाली न्यायचं, प्रत्येक पायरीवर डोकं घासणार. हेच ते! अरे देवा, पाइन कोव्हपासून अठरा मैल, बरोबर उलट दिशेला. बापानं शिकवलं होतं तसंच, मासा उत्तरेला तर बोट दक्षिणेला.

आपली जुनी पत्र्याची होडी ट्रकला अडकवून तो धक्क्यावर आला तेव्हा साडेनऊ वाजले होते. हॉइट आपल्या बोटीत पेट्रोल भरत होता, गॅरेट त्याच्या शेजारी बसलेला. डेल्मसला घाईनं होडी पाण्यात ढकलताना बघून हॉइट ओरडला, "काही कळलं का? कुठे निघालास?"

"धरणाच्या भिंतीकडे," डेल्मस म्हणाला.

विचार करून म्हणाला नाही. पाण्यावर निघताना कुणी विचारलं की जीभ आपोआप जे बोलायची तेच बोलली. हॉइटनं ऐकलं, इंजिन सुरू केलं आणि पश्चिमेच्या टोकाला, भिंतीकडे सुसाट निघाला. डेल्मस इंजिनाच्या दोरीला हिसके देत होता, चौथ्या हिसक्याला ते पेटलं. पाण्यावर तरंगणाऱ्या लाल पिंपाच्या खुणेपर्यंत गेला आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या कानात शिरलं.

"हॉइट! ए हॉइट!" तो उभा राहून किंचाळला. हॉइटची बोट तोवर ठिपक्याएवढी झाली होती. ह्याची होडी तासाला बारा मैलांच्या वर पळत नाही, तिला गाठणार कशी? जळो ती जीभ! त्यानं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली आणि होडी पूर्वेला वळवली.

कड्यापाशी पोचायला त्याला तासाच्या वर लागलं. धक्का सुटला की तिकडे कुठेच फोनला रेंज नाही. कड्याच्या कडेकडेनं तो हाका मारत गेला, आणि एका घळीत त्याला नारिंगी लाइफ जॅकेट दिसलं.

ट्वाइला छातीपर्यंत पाण्यात होती. खडकाच्या चिरेत अडकलेली, एका हातानं सीडरच्या झाडाच्या मुळीला विळखा घातलेला, दुसरा हात लुळा. रात्री बोट तरंगत्या ओंडक्यावर आदळली आणि ती उडून पडली. इंजिन बंद करणारी दोरी जॅकेटला अडकवली नव्हती, म्हणून बोट तशीच पुढे पळाली. जॅकेट फुगलं होतं पण फाटून अर्धं बसलं होतं. रात्रभर ओरडून तिचा आवाज गेला होता.

"डॅडी," ती म्हणाली. नुसती हवा आली.

"आलो, बाळा. आलो ना!" त्यानं काखेत हात घालून ओढलं तशी ती जिवाच्या आकांतानं कळवळली. खुबा मोडला होता. होडी कलली, पाणी आत आलं. पुन्हा ओढलं, पुन्हा तेच. सदुसष्ट वर्षांच्या माणसाची ताकद ती किती? शेवटी त्यानं होडीची दोरी तिच्या काखेतून घेऊन मुळीला बांधली, स्वतः होडीत पालथा झोपला आणि तिची कॉलर दोन्ही हातांनी धरली. मुळी मातीतून सुटत होती. सोडून मदतीला जावं तर ती बुडणार. धरून बसावं तर मदत येणार नाही, कारण मदतीला त्यानं स्वतःच्या तोंडानं भलतीकडे पाठवलं होतं.

तिचे डोळे मिटायला लागले.

"ए ट्वाइला! झोपायचं नाही. रात्री काय लागलं? सांग!"

"...दोन."

"किती वजनाचे?"

"पाच... पाच पौंड."

"खोटारडी! खरं सांग."

"सहा," ती म्हणाली. ओठ निळे पडले होते. तो एकामागून एक प्रश्न विचारत राहिला, आमिष कुठलं होतं, कितव्या पायरीला लागला, दोरा किती पौंडाचा. उत्तर नाही. बोटं बधिर झाली होती, कॉलर हातात आहे की सुटली हे त्याला बघून कळत होतं. "देवा," तो मोठ्यानं म्हणाला, "मी पुन्हा खोटं बोलणार नाही. कुणाशीच नाही. ऐकतोयस ना?"

देवानं ऐकलं की नाही कोण जाणे. इंजिन मात्र ऐकू आलं.

हॉइटची बोट वळणावरून आली तीच थेट. थांबायच्या आधीच गॅरेटनं पाण्यात उडी मारली. गॅरेटनं खालून उचललं, हॉइटनं खांद्याला धरलं, डेल्मसनं दोरी कापली, आणि तिघांनी मिळून तिला हॉइटच्या बोटीत सपाट निजवलं. ती कण्हली. कण्हली, म्हणजे जिवंत होती.

"तुला कसं कळलं रे?" डेल्मसनं धापा टाकत विचारलं. तोही त्याच बोटीत चढला होता, आपली होडी तशीच सोडून.

"भिंतीकडे अर्ध्यावर गेलो आणि डोक्यात प्रकाश पडला," हॉइट म्हणाला. "म्हटलं, गाढवा, चाळीस वर्षांत ह्या माणसानं तुला एकदा तरी बरोबर दिशेला धाडलंय का? तसाच वळलो आणि पार पूर्वेच्या टोकाला आलो." त्यानं रेडिओवरून धक्क्यावर रुग्णवाहिका मागवली, बोट वळवायला चाक धरलं, आणि त्याची नजर समोरच्या पडद्यावर गेली. तळ दाखवणारा तो पडदा. पायऱ्या एकाखाली एक स्पष्ट दिसत होत्या आणि प्रत्येक पायरीवर मासेच मासे, मोठमोठे. अशी जागा माणसाला आयुष्यात एकदा दिसली तर दिसते.

हॉइटनं हात पुढे केला आणि पडदा बंद केला. "मी काही पाहिलं नाही," तो म्हणाला.

डेल्मसनं बघितलं. गॅरेटच्या मांडीवर ट्वाइलाचं डोकं होतं, डोळे किलकिले उघडे.

"लाव तो," डेल्मस म्हणाला.

"असू दे रे. तिची जागा आहे."

"लाव म्हणतो ना! खूण कर तिथे. आणि धक्क्यावर गेल्यावर सगळ्यांना दे, शेरीफच्या माणसांनाही."

"डॅडी, नको," ट्वाइला पुटपुटली.

"तू गप. गुरुवारी रात्री दोनला परत आली नाहीस तर साऱ्या धरणाला ठाऊक पाहिजे कुठे यायचं ते."

हॉइटनं पडदा लावला आणि बटण दाबलं. यंत्रानं जागेचं नाव मागितलं.

"काय लिहू?"

"ट्वाइला लिही," डेल्मस म्हणाला, "आणि हाण आता इंजिन, तिचे हात बघ किती गार पडलेत."