रितच्या सरळ ओळी

बाँग रित टायपिंगच्या बाबतीत नाकावर माशी बसू देत नसे. कोर्टामागच्या गल्लीत त्याचं टायपिंगचं दुकान आणि माझं छपाईचं दुकान, मधे एकच भिंत. तो मोठा म्हणून मी त्याला बाँग म्हणायची, पण भांडायची मात्र बरोबरीच्या नात्यानं. आमच्या बट्टमबांग शहरातले निम्मे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं त्याच्या हातून जात. कागद हातात देताना तो गिऱ्हाइकाला म्हणायचा, "उजवी कड बघा. फुटपट्टी लावून बघा हवं तर." गिऱ्हाइकाला कडेशी काय घेणंदेणं? तरी बिचारा मान डोलवायचा.

ही सरळ कड त्यानं सामुत गुरुजींकडून उचलली होती. कत्तलींची, उपासमारीची ती वाईट वर्षं संपली तेव्हा रितला ना घर उरलं होतं ना माणसं. गुरुजींनी त्याला आपल्या घरी ठेवलं, जेवू घातलं आणि आपल्या हिरव्या, जडशीळ टाइपरायटरपुढे बसवलं. त्या यंत्रावर ओळ संपत आली की घंटी वाजायची, मग दांडा ढकलून नव्या ओळीवर यायचं. पुढे कॉम्प्युटर आला. घंटी गेली, पण रितच्या हाताला तिची सवय राहिलीच. ओळ काठाला आली असं डोळ्यांना वाटलं की तो एंटर मारायचा. प्रत्येक ओळीला.

आता आमची ख्मेर लिपी अशी की शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. सगळे शब्द एकमेकांना चिकटून चालतात. वाचणाऱ्याला ते सुटे दिसतात, कॉम्प्युटरला दिसत नाहीत. म्हणून आमच्या कीबोर्डवर लांब पट्टी, म्हणजे स्पेसबार, दाबली की पडद्यावर काहीच उमटत नाही, फक्त यंत्राला कळतं की शब्द इथे संपला, ओळ मोडायची तर इथे मोड. शहाणी माणसं प्रत्येक शब्दानंतर ती पट्टी दाबतात. रित दाबत नसे.

"बाँग, सवय लावून घ्या," मी म्हणायची. "उद्या कुणी अक्षर मोठं केलं की तुमच्या ओळींचा भुगा होईल."

"माझं अक्षर मोठं करणारा अजून जन्माला यायचाय."

"अहो, पण एक पट्टी दाबायला काय जातं तुमचं?"

"न दिसणाऱ्या गोष्टी भिक्षूंनी सांभाळाव्यात, फल्ला. मला दिसतं तेवढं मी नीट करतो. तू तुझी शाई बघ, काल परत कार्डावर सांडलीस."

शाई सांडली होती हे खरं. 

मग सामुत गुरुजी गेले. शंभराव्या दिवसाच्या विधीला त्यांची जीवनकहाणी वाचायची ठरली, आणि वाचणार होत्या स्वतः मालिसबाई, गुरुजींची बायको. त्याही शाळेत शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर घराखालच्या सावलीत बाक टाकून दुपारी गल्लीतल्या पोरांना वाचायला शिकवत. त्यांचा आवाज ऐकला की मोठी माणसंसुद्धा अजून ताठ बसत. बाई सांगत गेल्या, रित टाइप करत गेला. एकेक पान घेऊन तो भिंतीपलीकडून यायचा. "कड बघ," म्हणायचा. इतकं देखणं पान मी त्याच्याकडूनही पूर्वी पाहिलं नव्हतं. टोमणा मारायला काही सापडेना.

विधीच्या सकाळी बाईंनी कागद डोळ्यांपुढे धरून पाहिले. "रित, अक्षर जरा मोठं कर रे. मांडवात उजेड कमी असतो."

तो आपल्या दुकानात धावत आला. अक्षर मोठं केलं, छापलं, फाइलला लावलं. त्याला पांढऱ्या शर्टाला इस्त्री करायची होती, पानं बघत बसायला वेळ नव्हता. आणि आपल्याच ओळी, त्यात काय बघायचं, असं त्याला वाटलं. हे त्यानं मला नंतर सांगितलं.

भिक्षूंचं पठण झालं आणि बाई माइकपुढे उभ्या राहिल्या. पहिलं वाक्य छान गेलं. दुसऱ्या ओळीला त्या अडल्या. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडल्या. अर्धा शब्द तोंडातून बाहेर यायचा, मधे थांबा, मग उरलेलं एखादं अक्षर. कर्णा लावलेला असल्यामुळे हे सगळं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जात होतं. मी बाजूला बसले होते, तिथून मला कागद दिसला. लांब ओळ, खाली तिचं तुटून पडलेलं अक्षर, पुढे सगळी कोरी जागा. परत लांब ओळ, परत तुकडा. अक्षरं मोठी झाल्यावर ओळी कागदात मावल्या नव्हत्या, आणि यंत्रानं त्या मिळेल तिथे चिरल्या होत्या. त्यावर रितचे एंटर जिथल्या तिथे.

"बिचारीला दुःखानं वाचवत नाहीये," माझ्या शेजारची म्हणाली.

"दुःख कसलं," मागून एक पुरुष म्हणाला. "वय झालं. जन्मभर पोरांना वाचायला शिकवलं, आता स्वतःला अक्षर लागेना." कुणीतरी हसलंसुद्धा.

मी रितकडे पाहिलं. तो पाण्याचा ट्रे घेऊन मांडवाच्या खांबाशी उभा होता. कान लाल झाले होते. त्याला सगळं कळलेलं होतं. कागद माझ्याकडून चुकलाय, एवढं एक वाक्य बोलला असता तरी पुरे होतं. तो ट्रेमधल्या पेल्यांकडे बघत राहिला.

बाईंनी कागद मिटला. "माफ करा," त्या माइकवर म्हणाल्या. "डोळे दगा देतात आता. बाकीचं तुम्हा सगळ्यांना ठाऊकच आहे." आणि त्या चटईवर जाऊन बसल्या. गुरुजींनी अनाथ पोरांना घरी आणून कसं शिकवलं, तो सगळा भाग वाचायचा राहिला.

दुपारी रित माझ्या दुकानात येऊन बसला. "घाल शिव्या," म्हणाला.

मी घातल्या. हात आखडता घेतला नाही. "टायपिंगचं सोडा," मी शेवटी म्हटलं. "ते कुणाचंही चुकतं. पण त्या म्हातारीला सगळ्यांसमोर आंधळी ठरू दिलंत. तोंड उघडायला काय झालं होतं?"

"जीभच उचलली नाही. सगळे ओळखीचे होते." तो खाली बघत होता. "रितचं टायपिंग म्हणून गावात माझं नाव आहे, फल्ला. दुसरं काय आहे माझ्याकडे? लाज वाटली. आता त्याहून जास्त वाटतेय."

दुसऱ्या दिवशी तो बाईंकडे निघाला आणि मला सोबत चल म्हणाला, नाहीतर अर्ध्या वाटेतून परत येईन म्हणाला. बाई अंगणात गवती चहा निवडत बसल्या होत्या. रितनं गुडघे टेकून, जोडलेले हात कपाळाशी नेऊन सगळं सांगितलं.

"मला दुसऱ्या ओळीलाच कळलं होतं," बाई म्हणाल्या. "मी काय आंधळी आहे?"

"मग दोष डोळ्यांवर का घेतलात?" रितनं विचारलं.

"तर काय माइकवर सांगू, की यांच्या लाडक्या विद्यार्थ्यानं कागद नासवला? यांच्याच विधीत? झालं ते झालं. आता कुणाला सांगत फिरू नकोस. आणि आंबे घेऊन जा, पिकून चाललेत."

त्याला ते आंबे खाववेनात. माझ्याकडे आणून ठेवले.

बाईंनी विषय मिटवला, पण गावानं मिटवला नाही. बाईंना दिसत नाही, मग पोरांना काय शिकवणार, असं म्हणत एकेकीनं मुलं पाठवणं बंद केलं. घराखालचा बाक रिकामा पडला. बाई दुपारी तिथे एकट्याच पंखा हलवत बसायच्या. रितचा घरी जायचा रस्ता त्यांच्या दारावरून होता. तो नदीकडून लांबचा फेरा घेऊन जायला लागला. खरं बोलायला त्याला कुणी अडवलं नव्हतं. बाईंचा शब्द मोडायचा नाही, असं तो मला सांगायचा. सोयीचा होता तो शब्द, आणि हे त्यालाही ठाऊक होतं.

टायपिंग मात्र तो शिकला. माझ्या कॉम्प्युटरवर बसून गुरुजींची सगळी कहाणी त्यानं पुन्हा लिहिली. एकेक शब्द झाला की पट्टी, एंटर फक्त परिच्छेद संपल्यावर. "इथे दाबू?" असं पोरासारखं विचारायचा. मी त्याला हसले नाही. म्हणजे एकदाच हसले.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत बाईंची नजर खरोखरच गेली. काचबिंदू निघाला. वर्षाच्या विधीला त्यांनी रितला बोलावून घेतलं. "आता खरंच दिसत नाही रे. तू वाच."

तोच मांडव, तोच कर्णा. रित वाचायला लागला आणि ओळी कुठेही न अडखळता पुढे सरकत गेल्या. गेल्या वेळी राहिलेला भाग आला. घर नसलेल्या एका पोराला गुरुजींनी टाइपरायटरपुढे बसवलं आणि आधी पोटभर जेव म्हणाले, इथे तो थांबला. 

"ह्यालाही चष्मा लागला वाटतं," मागून तोच पुरुष म्हणाला.

रितनं मान वर केली. "मला दिसतंय," तो माइकवर म्हणाला. "आणि मागच्या वेळी बाईंनाही दिसत होतं. डोळे चांगले होते त्यांचे. कागद मी बिघडवला होता. हा इथे, ह्या खांबाशी उभा राहून सगळं ऐकलं आणि गप्प बसलो. इतके महिने गप्प बसलो."

 माझ्या शेजारचीनं खांद्यावरची ओढणी सारखी करत मान खाली घातली. तिची दोन्ही मुलं बाईंकडे यायची थांबली होती, आणि आता ती परत पाठवून उपयोग नव्हता.

बाईंनी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं.

"सांगू नकोस म्हटलं होतं तेव्हा ऐकलंस," त्या म्हणाल्या. "फार ऐकलंस. आता वाच पुढे, मला शेवटपर्यंत ऐकायचंय."