बर्फाळ दालनाच्या मावशी

काचेच्या छपराखालच्या बागेत मी तिकिटं फाडायचो. तिथे तीन दालनं होती: वाळवंट, सदाहरित जंगल आणि सगळ्यात मागे बर्फाळ प्रदेश. मागचं दालन मावशींकडे. त्यांना सगळेच मावशी म्हणत, वयाने मोठे साहेबसुद्धा.

जंगलात वेली, फुलं, धबधबा. मावशींकडे दगड, शेवाळ आणि बोटभर उंचीची झाडं. लोक डोकावून विचारत, "झाडं कुठे आहेत?"

"एक तुमच्या बुटाखाली आहे," मावशी सांगत. "माझ्याहून वयाने मोठं आहे ते. जरा पाय उचला."

एरवी तिथे चिटपाखरू फिरकत नसे. पण एका वर्षी उन्हाळा असा तापला, की साऱ्या गावाला बर्फाळ प्रदेशाची गोडी लागली. लोक सतरंज्या घेऊन आले. पत्त्यांचे डाव पडले. एक आजोबा दगडाला टेकून घोरू लागले. एवढ्या अंगांच्या उबेने गोठवलेली माती विरघळू लागली, शेवाळाचा चिखल झाला. मावशींनी साहेबांना गाठलं.

"अहो, गर्दी झाली हे चांगलंच की," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मावशी स्टुलावर चढल्या. "इथली माती खाली कायमची गोठलेली असते. म्हणून मुळं खोल जात नाहीत. गळलेलं पान कुजायलाही वर्षं लागतात. आता शेवाळाचे प्रकार सांगते."

तिसऱ्या प्रकाराला पत्तेवाले उठले. आजोबा जागे झाले, थोडं ऐकलं आणि काठी शोधू लागले. व्याख्यान दगडफुलांपर्यंत पोचलं, तोवर दालन रिकामं. राहिले फक्त शेजारचं जंगल गरम ठेवणारे बॉयलर-मिस्त्री, घामाने निथळत.

"आमच्याकडे उलटं," ते म्हणाले. "पान पडलं की कुजून लगेच झाडांच्या पोटात. वर रान माजलेलं, पण माती बघाल तर कंगाल."

मावशी स्टुलावरून उतरल्या. आजवर त्यांना कुणी उत्तर दिलं नव्हतं. "आणि मुळं?"

"वरच्यावर पसरलेली."

"म्हणजे दोघांचीही झाडं वरवरचीच."

मिस्त्री खो खो हसले.

उन्हाळाभर व्याख्यान रोज झालं, शेवाळ पुन्हा धरलं आणि मिस्त्रींची दुपार तिथेच जाऊ लागली. पुढे दोघांनी लग्न केलं. साहेबांनी मला विचारलं, हे जमलं कधी. मी म्हटलं, दगडफुलांनंतर.

परवा ऐन थंडीत त्यांच्या घरी गेलो. खिडक्या सताड उघड्या, मावशी पातळशा साडीत खुशाल बसलेल्या, आणि मिस्त्री गळपट्टा, कानटोपी, दोन स्वेटर घालून.

"थंडी वाजत नाही का?" मी मिस्त्रींना विचारलं.

"वाजते की," मिस्त्री म्हणाले. "बॉयलरपुढे जन्म गेला. आता जरा वाजू दे."