तोब्रुकची दुसरी पाळी

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर, डोंगरात विजेसाठी कालवे खणायला १९४७ साली जे पोलिश शिपाई आले, त्यांत ब्रॉनेक विल्चेक होता. युद्ध संपलं तेव्हा त्याचं गाव सोव्हिएत हद्दीत गेलेलं. परत जायला घरच उरलं नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात छावणीच्या खोपटात त्याचे बूट रात्रीत गोठून दगडासारखे व्हायचे. तरी तो खुशीत असे. इथं कुणी गोळी झाडत नव्हतं.

शनिवारी मंडळी खाली न्यू नॉरफोक गावात बिअर प्यायला उतरत. तिथं क्लॅरी डॉब्सन हा मळेवाला हमखास भेटे. गडी दिलदार, पण चार घोट पोटात गेले की जिभेला हाड नसे. एकदा तो ब्रॉनेककडे वळून म्हणाला, "आम्ही आफ्रिकेत तोब्रुकच्या वाळूत जर्मनांचे तोफगोळे झेलत होतो, तेव्हा तुम्ही लोक कुठं होता रे? आता बरे आयते आलात."

ब्रॉनेकनं ग्लास खाली ठेवला. "तोब्रुकलाच होतो. तुम्ही निघालात आणि आम्ही आलो. तुमच्याच खंदकात."

"थापा नको मारूस."

"तुझ्यासारखाच एक लंबू मला खाली उतरवून गेला. म्हणाला, पिसवा आमच्या आहेत, सांभाळ. आणि जॅमचे डबे ठेवून गेला. सकाळी जॅम, संध्याकाळी जॅम. तुम्हा लोकांना दुसरं काही खाता येतं की नाही?"

मग क्लॅरी इतका हसला की त्याला ठसका लागला. "याला माझ्याकडून एक दे," तो गुत्तेवाल्याला म्हणाला. "आमच्या पिसवा पोसल्यात यानं."

एप्रिलमध्ये अँझॅक दिन, म्हणजे युद्धात लढलेल्यांच्या स्मरणाचा दिवस आला. जुने सैनिक पदकं लावून रस्त्यानं चालले होते. ब्रॉनेक कडेला उभा होता. क्लॅरी रांग सोडून त्याच्यापाशी आला.

"बघत काय बसलास? चल."

"मी ऑस्ट्रेलियन नाही, क्लॅरी."

"ते नंतर बघू. आधी पाऊल जुळव."

रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "हा कोण?"

"दुसऱ्या पाळीचा," क्लॅरी म्हणाला आणि त्यानं ब्रॉनेकला आपल्या शेजारी घेतलं. कडेचे लोक टाळ्या वाजवत होते. त्या आपल्यासाठीही आहेत हे ब्रॉनेकला जरा उशिरा कळलं, आणि डोळे पुसायला हात वर न्यावा की नाही, हेही त्याला ठरवता येईना.

चौकात क्लॅरीची बहीण बेरिल सैनिकांच्या कोटांना आठवणीची खूण म्हणून रोझमेरीची डहाळी टाचत होती. तिनं ब्रॉनेकलाही एक टाचली. आभाराचे शब्द आठवेनात, तेव्हा त्यानं पोलंडच्या रीतीप्रमाणं वाकून तिच्या हाताचं चुंबन घेतलं. भर चौकात. बेरिल कानापर्यंत लाल झाली.

"मी याला संचलनाला आणलं होतं," क्लॅरी म्हणाला, "सोयरीक जुळवायला नव्हे."

पण सोयरीक जुळलीच. पुढच्या वर्षी बिअरसाठी लावलेल्या हॉप्सची तोडणी उरकल्यावर मळ्यातच लग्न झालं. छावणीतले पोलिश गडी ट्रकमधून अ‍ॅकॉर्डियन वाजवत आले. बेरिलच्या आईनं त्यांनी आणलेलं बिटाचं लाल सूप बघून नाक मुरडलं. "बीट डब्यातून काढून गार खायचं असतं, बाळा," ती जावयाला म्हणाली, आणि दुसरा वाडगा भरून घेतला.

पुढं ब्रॉनेक पोरांना पोलिशमध्ये रागवायचा आणि इंग्रजीत त्यांचे लाड करायचा. ऑस्ट्रेलियाच्या नागरिकत्वाची शपथ घेतली त्या संध्याकाळी मळ्यावर मटण भाजलं, गाणी झाली. सगळ्यांत मोठा आवाज त्याचा होता. शब्द मात्र त्याला एकाही गाण्याचे येत नव्हते.