एक वाजता अर्धं शटर

आदरणीय मुर्तुझाभाई पंचाहत्तर वर्षांचे झाले. छावणीतल्या त्यांच्या हार्डवेअरच्या दुकानात मी एकोणीस वर्षं नोकरी केली आणि मग त्याच रस्त्यावर स्वतःचं दुकान टाकलं. तरी या गौरव अंकातला हा लेख मीच लिहावा असं संपादकांना का वाटलं, ते त्यांनाच ठाऊक.

पहिली भेट सांगतो. सिल्लोडकडच्या खेड्यातून मी काम मागायला आलो, तो नेमका दुपारी एकच्या ठोक्याला. शटर निम्मं ओढलेलं. आत जमिनीवर एक मोठा थाल आणि भोवती मालक, मुनीम, हमाल गोल बसलेले. "हात धुऊन या, बसा," भाई म्हणाले. नावगाव त्यांनी नंतर विचारलं. बोहरी समाजात असं एकाच थालातून जेवायची रीत आहे. आधी चिमूटभर मीठ चाखायला वाटी फिरते, पण शेवटचा माणूस बसेपर्यंत त्या मिठाला कोणी हात लावत नाही. गावी सांगितलं तर आई म्हणाली, "एकाच ताटात? मालक बी? व्हय रं?" थोडं थांबून म्हणाली, "मंग टिकून ऱ्हाय तिथं."

भाईंचं दुकान त्या थालावर चालत आलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. कोणती कुलपं परत येतात, कोणाची पाठ धरली आहे, खुद्द मालकांचं कुठं चुकलं, सगळं तिथंच निघे. मांडीला मांडी लावून बसलेल्या माणसावर ओरडता येत नाही. एकदा एका मोठ्या ठेकेदारानं ऐन जेवणात शटर बडवलं. मी उठू लागलो, तर भाईंनी मनगट धरलं. "बसा. जेवणाऱ्याला उठवत नाहीत आमच्यात." ठेकेदार गेला तो गेलाच. मला ते आजही पटलेलं नाही.

पुढे मी स्वतःच्या दुकानासाठी जागा शोधू लागलो. तीन महिने रोज भाईंच्याच थालात जेवत होतो, पण सांगायची हिंमत होईना. शेवटच्या दिवशी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि माझा हिशेब चुकता केला. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं!

माझ्या दुकानाच्या पहिल्या दिवशी एक वाजला. डबा उघडला आणि तसाच झाकून ठेवला. एकोणीस वर्षांची जागा आपल्या हातानं घालवली, म्हणून रडू येत होतं. तेवढ्यात भाईंकडचे हमाल कडुबामामा दारात उभे.

"चला की, नवे मालक! भाई मिठाला हात लाविनात. समद्यांच्या पोटात कावळे कोकलायलेत."

मान खाली घालून गेलो. माझी जागा मोकळी होती. भाई एवढंच म्हणाले, "उशीर केला. हात धुऊन या."

गिऱ्हाइकांवरून आमची अजूनही जुंपते. डॉक्टरांनी भाईंचं मीठ तोडलं आहे, ती एक चिमूट मात्र त्यांनी सोडलेली नाही. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो आणि मिठाची वाटी त्यांच्याच हातून आमच्याकडे येत राहो. मी आता एकला दहा मिनिटं कमी असतानाच शटर ओढतो. माझ्यासाठी पुन्हा कोणाला उपाशी थांबावं लागू नये.