बावीस नंबरचा चिमटा

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. रविवारच्या आमच्या मंडळींना तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं — जात नाहीये. दोनदा सुरुवात केली आणि दोनदा कागद फाडला.

झालं असं, की गेल्या रविवारी मैदानावर एका नव्या गृहस्थांनी माझ्या गाडीच्या डिकीतून एक जुनी फळी काढली. पुण्याहून बदली होऊन आलेत, हौशी आहेत, प्रश्न फार विचारतात. फळीला ओळीने कपड्यांचे लाकडी चिमटे लावलेले, आणि प्रत्येक चिमट्यावर सुबक रंगवलेला एक आकडा. "हे काय हो? उडवता उडवता कपडेही वाळत घालता की काय?" सगळे हसले. मीही हसलो. जुनं आहे, काही नाही, म्हणालो आणि फळी परत आत ठेवली. घरी आलो आणि कागद घेऊन बसलो.

आमचं वेड काय ते आधी सांगायला हवं. रेडिओवर चालणारी लहान विमानं आम्ही स्वतः बनवतो आणि हवेत एकमेकांशी लढवतो. आम्ही म्हणजे पन्नाशीच्या अलीकडचे-पलीकडचे, पोट सुटलेले, नोकरीपेशातले आठ-दहा लोक. दुकानांच्या पाट्या करतात ना, त्या पोकळ प्लास्टिकच्या पत्र्याचे पंख, पुढे छोटं इंजिन आणि मागे क्रेप कागदाची लांबच लांब शेपटी. आपल्या इंजिनाच्या पात्याने दुसऱ्याची शेपटी कापायची, आपली वाचवायची. कापली की मैदानभर "काटा है" चा गजर, संक्रांतीला गच्च्यांवरून होतो तोच. माझी बायको म्हणते, पतंग उडवायचं वय गेलं म्हणून ह्यांनी पतंगाला इंजिन लावलं. काही चुकीचं म्हणत नाही ती.

मला हे सगळं शिकवलं जोगळेकर सरांनी. पॉलिटेक्निकमध्ये ड्रॉइंग शिकवून रिटायर झालेले, छत्रीबागेत राहायचे. मी त्यांचा विद्यार्थी नव्हतो. विम्याच्या ऑफिसात काम करणारा, हातात पेनापलीकडे काही न धरलेला माणूस मी. ब्लेड कसं धरायचं इथपासून त्यांनी मला शिकवलं. माझी पहिली चार विमानं मातीत गेली, आणि चारही वेळा सर माझ्याबरोबर सियागंजच्या बाजारात आले — गोंद घ्यायला, पत्रा घ्यायला, आणि मुख्य म्हणजे माझं तोंड उतरलेलं राहू नये म्हणून. विमान तयार झालं की त्याच्या पंखावर नाव रंगवायचं काम त्यांचं. पट्टी नाही, पेन्सिलची रेघ नाही. श्वास रोखून बारीक ब्रशने एका दमात अक्षर काढायचे. त्यांचे हात बघत बसावं असे होते.

एकदा, एकदाच, त्यांनी वडिलांबद्दल सांगितलं. वडील इथल्याच होळकरांच्या दफ्तरात कारकून होते, मोत्यासारखं अक्षर. पुढे त्यांना कंपवात झाला. हात इतके थरथरायचे की घास तोंडापर्यंत जायचा नाही, आईने भरवायचं. "मरायची मला भीती नाही रे सुधीर," सर म्हणाले होते, "पण ते नको. बिल्कुल नको." हे मला माहीत होतं. पुढचं वाचताना तुम्ही हे लक्षात ठेवा, कारण मीही विसरलेलो नव्हतो.

आता चिमटा. आजचे रिमोट आपापलं विमान बरोबर ओळखतात, तेव्हा तसं नव्हतं. प्रत्येक रिमोट-सेटचा चॅनेल ठरलेला असायचा, आणि एकाच चॅनेलचे दोन सेट एकदम चालू झाले की हवेतलं विमान वेडं व्हायचं. कुणाचं ऐकावं ते त्याला कळायचं नाही. म्हणून सरांनी ती फळी केली. एका चॅनेलचा एक चिमटा. सेट चालू करायचा तर आधी फळीवरून आपल्या आकड्याचा चिमटा काढून अँटेनाला लावायचा. चिमटा नाही तर बटण नाही. हा एकच नियम होता आमच्यात, आणि त्यावरून कधी भांडण झालं नाही.

सरांचा आणि माझा चॅनेल एकच होता — बावीस. दोन्ही सेट त्यांनीच एकदम मागवले होते. त्यामुळे सहा वर्षांत आम्ही दोघं एकमेकांशी कधी लढू शकलो नाही. सर म्हणायचे, "चांगलंच आहे ना, अपनेवाल्यांत झगडा नको."

तो रविवार सांगतो. सोयाबीन निघून गेलेलं, धार रोडकडचं एक शेत मोकळं मिळालं होतं. देवासहून चौघे आले होते. त्यांच्यातल्या कुशवाहांनी दुसऱ्याच फेरीत माझी शेपटी बुडापासून कापली, वर पंखही चिरला. शेवटची लढत कुशवाहा आणि सर यांच्यात. सगळे पुढे जाऊन उभे राहिले. मी मागे टेबलाशी एकटा, पंखाला टेप लावत, तोंड फुगवून बसलो होतो. समोरून सरांच्या नावाचा गलका ऐकू येत होता. मला त्यांचा हेवा वाटत होता का? वाटत होता. मला ज्याने धूळ चारली त्याला ह्या माणसाने सहज हरवावं, हे मला बघवत नव्हतं. ज्याने मला ब्लेड धरायला शिकवलं त्याच्याबद्दल हे लिहितोय मी.

टेप लावून झाला. पंखाची झडप नीट हलते का बघावं म्हणून मी माझा सेट चालू केला.

एवढंच वाक्य आहे. बारा वर्षं लागली ते लिहायला. फळी वीस पावलांवर होती, मी उठलो नाही. उठलो असतो तर बावीसची जागा रिकामी दिसली असती, कारण तो चिमटा सरांच्या अँटेनावर होता आणि सर समोर उडवत होते. हात सवयीने बटणावर गेला, असं मी स्वतःला सांगत आलोय. पण सवय तर आधी चिमटा घ्यायची होती ना? मग कुठली सवय? मला माहीत नाही. खरंच माहीत नाही — आणि ह्या "माहीत नाही"वर माझाच पुरता विश्वास नाही.

दोन सेकंद, फार तर तीन. माझ्या पुढ्यातली झडप वेड्यासारखी फडफडली आणि मला कळलं. मी बटण बंद केलं, अँटेना आत दाबली. तोवर सरांचं विमान उलटं होऊन लोकांच्या डोक्यांवरून मागे आलं आणि उभ्या केलेल्या एका स्कूटरवर आदळलं. स्कूटरपासून हातभर अंतरावर काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, सगळ्यांसाठी पोह्यांवर शेव घालत बसल्या होत्या. त्यांच्या हातातला डबा सांडला, बाकी कुणाला काही लागलं नाही. पण सर धावत आले ते आधी काकूंकडे.

पहिला प्रश्न कुशवाहांनीच विचारला, "किसीने सेट ऑन किया क्या, भिया?" सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मी मान हलवली, नाही. सरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "चिमटा माझ्याकडे आहे. बावीसवर दुसरा फक्त सुधीर, आणि सुधीर चिमट्याशिवाय हात नाही लावणार." बोलून ते तुकडे गोळा करायला वाकले. त्या वेळी बोललो असतो तर काय झालं असतं? चार शिव्या बसल्या असत्या. महिनाभर कुणी चहा विचारला नसता. बस, एवढंच.

सरांनी सगळं तपासलं. बॅटरी ठीक, वायरी ठीक, जोड ठीक. मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तू पाठीमागून देखत होतास. खरं-खरं सांग. माझा हात हलला का?"

मी म्हणालो, "हो सर. जरा हलला."

सेट चालू केला ती चूक म्हणा, हवं तर. हे चूक नव्हतं. टेबलापासून मला फक्त त्यांची पाठ दिसत होती, हात दिसतच नव्हते. "लक्ष नव्हतं" एवढं म्हणालो असतो तरी भागलं असतं. पण त्या क्षणी मला माझ्यावर येणारं सगळं कुठेतरी ढकलून द्यायचं होतं, आणि सरांनी स्वतःच जागा दाखवली. वडिलांचं सगळं माहीत असून मी ते तिथे ढकललं.

त्यानंतर सरांनी विमान उडवलं नाही. "एक हात इकडे असतं तर हिचं डोकं होतं," एवढंच म्हणाले. पुढच्या आठवड्यात मला घरी बोलावून सगळं सामान दिलं — इंजिनं, हत्यारं, ती फळीसुद्धा. मी घेतलं. तेव्हापासून मी मैदानावर "सरांचा वारस" म्हणून मिरवतोय, आणि त्यांच्याच इंजिनांवर दोन वेळा जिंकलोही आहे.

काकूंनी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, हातांना काही झालेलं नाही. मी सुटलो, असं वाटलं मला. पण सरांनी मला सांगितलं, "डॉक्टरांनी दहा मिनिटं देखलं. तू सहा वर्षं देखतोयस." मग त्यांनी ब्रश ठेवून दिला. स्वतःची स्कूटर भाच्याला दिली. काकू त्यांना चहा अर्धा कप द्यायला लागल्या, सांडू नये म्हणून. पूर्ण कप सांडल्याचं कुणी कधी बघितलं नव्हतं, तरी अर्धाच. माझ्या पुढे मात्र काठोकाठ भरलेला कप यायचा, आणि तो मी त्यांच्यासमोर बसून प्यायचो. अशी अकरा वर्षं.

सुदामा नगरच्या माझ्या घरून महिन्यातून एकदा तरी मी त्यांच्याकडे जायचो. का? चोराच्या मनात चांदणं. आणि प्रेमही होतं हो, ते खोटं नव्हतं. दर वेळी निघताना सर दोन्ही हात पुढे करायचे, बोटं पसरून. "घे, हात दाखवून अवलक्षण. बघ, कितपत आहे?" घरच्यांना ते विचारायचे नाहीत, मलाच विचारायचे. मी वाकून बघायचो. बोटं स्थिर असायची. "काहीच नाही सर" म्हणावं, तर मग त्या दिवशी काय दिसलं होतं, हा प्रश्न आलाच असता. म्हणून मी ठरवून म्हणायचो, "आज कमी आहे." कधी म्हणायचो, "आहे तेवढंच आहे, वाढलेलं नाही." त्यावर काकूंना केवढं बरं वाटायचं. दाराशी येऊन म्हणायच्या, "तू येतोस म्हणून यांना धीर आहे रे."

गेल्या वर्षी सरांचं हृदय थकलं. शेवटचं भेटलो तेव्हा ते घरीच पलंगावर होते, बोलायलाही दम लागत होता. काकू स्वयंपाकघरात होत्या, खोलीत आम्ही दोघंच. माझ्या शर्टाचं एक बटण लोंबत होतं. सरांच्या लक्षात आलं. उशाशी काकूंचा शिवणाचा डबा होता, त्यांनी तो ओढला, सुई घेतली, उजेडाकडे धरली आणि पहिल्याच खेपेला दोरा ओवून माझ्या हातात दिली. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस. ओवल्यावर स्वतःच क्षणभर त्या सुईकडे बघत राहिले. काहीतरी विचारायचं होतं त्यांना, मला दिसत होतं. आता सांग, असं मी मनात स्वतःला म्हणालो. आता तरी सांग.

त्यांनी हात पुढे केले, बोटं पसरून. "बघ रे सुधीर."

मी चष्मा वर केला, वाकलो, नेहमीसारखं निरखून बघितलं. नखं वाढली होती, एका बोटावर जुन्या ब्लेडची खूण होती. बाकी काही नव्हतं. कधीच नव्हतं.

"आज कमी आहे सर," मी म्हणालो.

"तू म्हणतोस तर असेल," ते म्हणाले आणि हात पांघरुणाखाली घेतले.