दीड घराचा घोडा

रेशनिंगच्या दिवसांतली गोष्ट. नौपाड्यात दातांच्या डॉक्टरकडे ते गृहस्थ भेटले. माझ्या लग्नाला महिनाच झाला होता आणि बुद्धिबळातले माझे पराक्रम मी बायकोला रोज ऐकवत होतो. ती शेजारीच बसली होती. गृहस्थांनी एका हाताने सुजलेला गाल धरून दुसऱ्या हाताने पिशवीतून पुठ्ठ्याचा पट काढला. सहा बाय सहा घरांचा.

“हत्ती कुठे आहेत?” मी विचारलं.

“डोंबिवलीत दोन खोल्यांत आम्ही आठ माणसं. हत्ती कुठे ठेवू? घोडासुद्धा अडीच नाही, दीडच घर चालतो.”

खेळता खेळता त्यांनी घोडा उचलला आणि थेट दोन घरांमधल्या रेघेवर ठेवला. “शह!”

मी ऐटीत वजीर उचलला. “हा मारला!”

“कसा माराल? तो उंबऱ्यात उभा आहे. घरात आला तर माराल ना!”

पाच खेळींत मी हरलो. बायको तोंडाला पदर लावून हसत होती.

ते पुन्हा कधी दिसले नाहीत. पण घरी यायला उशीर झाला की मी अजूनही उंबऱ्यातच थांबतो. “इथे मारता येत नाही हं!”

“ठाऊक आहे,” ती म्हणते. “घरात या, मग बघते.”